शर्यत आणि घोडा

आपल्या भागात शंकरपट म्हटला की बैलजोडीभोवती गाव गोळा होतो. जोडी किती पळते, याबरोबर ती कोणाच्या घरची, हेही जो तो विचारतो. शर्यतीच्या ‘थरोब्रेड’ घोड्यांत ही कुळाची चौकशी ग्रंथात बांधलेली असते. तशी पहिली वंशावळी इंग्लंडात १७९१ साली छापली गेली. या जातीच्या सर्व घोड्यांचा पितृवंश पूर्वेकडच्या वाणाच्या अवघ्या तीन घोड्यांपर्यंत पोहोचतो.

कुळ तेच राहिले. गुण मात्र बदलले. १७६४ साली जन्मलेला ‘एक्लिप्स’ हा विख्यात घोडा एकाच दिवशी चार-चार मैलांच्या फेऱ्या पळे. ती दमाची परीक्षा होती. पुढे शर्यती आखूड झाल्या आणि कोवळ्या वयाचे घोडे मैदानात उतरू लागले. १७८० साली एप्सम येथे सुरू झालेली डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची, आज सुमारे दीड मैलाची. जशी शर्यत, तशी पैदास! दम मागे पडला, वेग पुढे आला.

मुंबईतही तेच घडले. भायखळ्याच्या मैदानावर पूर्वी आखातातून जहाजाने आलेले अरबी घोडे धावत. महालक्ष्मीला १८८३ साली नवे मैदान झाले. तेथे १९४३ पासून भारतीय डर्बी होते : अंतर २४०० मीटर, निकाल सुमारे अडीच मिनिटांत. (पैजेत कोणाचे किती बुडाले, हे वडीलधाऱ्यांना विचारू नये.)

भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडीचे तट्टू दिसण्यात बुटके. पण मराठ्यांच्या फौजा त्याच्या पाठीवर लांबलांबची मजल मारीत. अडीच मिनिटांत त्याचा हा गुण दिसावा तरी कसा?