गृह-तलविन्यास
गृह-तलविन्यास : नव्या घरातील खोल्या, दारे-खिडक्या, जिना व जाण्यायेण्याच्या वाटा यांची परस्परसंबंध लक्षात घेऊन केलेली आखणी. दर्शनी भाग आधी ठरवून त्यात खोल्या बसविण्याची पद्धत रूढ असली, तरी ती सदोष होय. आरंभ कुटुंबाच्या दिनक्रमापासून करावा.

दारांच्या जागा हा आखणीतील महत्त्वाचा, पण बहुधा दुर्लक्षित भाग आहे. खोलीची दोन दारे समोरासमोरच्या कोपऱ्यांत असल्यास वाट खोलीतून तिरपी जाते आणि खाट वा कपाट ठेवण्यास सोयीची जागा उरत नाही. दोन्ही दारे एकाच कडेला घेतल्यास तेवढ्याच क्षेत्रफळाची खोली अधिक उपयोगी पडते. यासाठी आराखड्यावर खाट, टेबल इ. वस्तू प्रमाणात काढून पाहाव्यात. स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप लगत घेतल्यास नळांची लांबी घटते व गळती शोधणे सोपे जाते.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची एकच खोली असल्यास ती किमान ९.५ चौ. मी. हवी, स्वयंपाकघरास ५ चौ. मी. चालतात. ही मर्यादा आहे, आदर्श नव्हे. तथापि पाहुण्यांसाठी दिवाणखाना वाढवून, जेथे रोज कित्येक तास उभे राहावे लागते ते स्वयंपाकघर आखडले जाते.

महाराष्ट्रात दुपारचे प्रखर ऊन पश्चिमेकडून, तर पावसाळी वारे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात. त्यामुळे पश्चिमेस जिना, कोठीची खोली किंवा कोकणातल्याप्रमाणे पडवी घ्यावी. शौचकूप मात्र वाऱ्याच्या तोंडावर नसावे. दुमजली घरात निदान एक निजायची खोली शौचकूपासह तळमजल्यावर ठेवावी. ती वृद्धापकाळी वा आजारपणात लागतेच.