उभे करून रक्तदाब मोजून घ्या

मिस्सेत शुभवर्तमानासाठी सर्व उठतात, तेव्हा एखादे आजोबा बाक घट्ट धरून डोळे मिटतात, हे आपण पाहिले असेल. कपाशीत तासभर निंदण करून कंबर सरळ केली की डोळ्यांपुढे येते ती हीच अंधारी. "कमजोरी आहे" म्हणून आपण टॉनिक घेतो, सलाईन लावतो. पण म्हातारपणी अशा भोवळीत पडून खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळांचे अंथरूण सुटतच नाही. म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

उभे राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात व पायांत उतरते. निरोगी शरीरात लगेच नाडी थोडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, डोक्याला रक्त पुरते. हे जमले नाही की घेरी येते. दवाखान्यात मात्र रक्तदाब बहुधा बसवून मोजतात, आणि तो ठीक भरतो!

तपासणी सोपी आहे. रोग्याला पाच मिनिटे निजवून रक्तदाब व नाडी मोजावी. मग उभे करून एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावी. जवळ कोणीतरी धरायला असावे. घेरी आल्यास लगेच निजवावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर दोष आहे असे समजावे. निजून १४०/८० आणि उभे राहून ११५/७५, म्हणजे उतार २५ चा.

नाडीही बोलते. दाब उतरला व नाडी खूप वाढली, तर अंगातले पाणी किंवा रक्त कमी झाले असावे. आपल्या आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्यात हगवण लागली तर विचारूच नका. दाब उतरूनही नाडी जागची हलली नाही, तर जुन्या मधुमेहाने नसा बिघडल्याचा संशय घ्यावा. रक्तदाबाच्या काही गोळ्याही नाडीला वाढू देत नाहीत. तरुण मुलीचा दाब न उतरता नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढली, तर तो आजार वेगळा. तिला "नखरे करते" म्हणू नये.

लघवीच्या, प्रोस्टेटच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनीही असे होते. गोळ्या मनाने बंद करू नका, पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा. आशाताई असो की २००८ साली सुरू झालेले आदिलाबादचे रिम्स, "उभे करूनही मोजा" असे सांगायला लाजू नका.

रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर बसून पाय हलवावेत, मग उठावे. आणि ज्यांना भोवळ येते त्यांनी मिस्सेत खुशाल बसून राहावे. आजाऱ्याने उभे राहिलेच पाहिजे असा चर्चचा आग्रह नाही.