पाना धरणारे हात

‘अग्निपथ’ योजनेतून 2022 च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं 2026 मध्ये भरतात. नियमानुसार जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतील, बाकीचे घरी. विमानाचं इंजिन उघडायला शिकलेल्या पोराला चार वर्षांत मोकळं करणं मला मान्य नाही. अशी गळती मी हवाई दलात फिटर असताना पाहिली आहे.

ऐंशीच्या दशकापर्यंत गळतीचा प्रश्नच नव्हता. बाहेर विमानं होती ती सरकारी कंपन्यांची. माणूस सोडून जाणार कुठे?

नव्वदच्या दशकाने सगळं पालटलं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि मिग विमानांच्या सुट्या भागांची ददात पडली. एका विमानाचा पंप काढून दुसऱ्याला बसवायचा, असे ते दिवस. तेव्हा जुना सार्जंटच तारायचा. लॉकिंग वायर पिळताना तो नवख्याला सांगे, ताण नट घट्ट होण्याच्या दिशेनेच हवा. उलटा पडला तर इंजिनाच्या थरथरीत नट सैल होतो. वरून वायर ठीक दिसे, पण तो नुसतं बोट फिरवून चूक ओळखी आणि वायर कापून पुन्हा करायला लावी. नियम पुस्तकात असतो. बोटांत उतरायला वर्षं जातात.

1994 मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना रान मोकळं झालं. करार भरला की आमचे उत्तम फिटर तिकडे जात. त्यांचं काय चुकलं? बढतीची रांग लांब, दर बदलीला पोरांची शाळा नवी, पगारात जमीन-अस्मानाचा फरक. मुदतवाढ घ्या, असं वरून सांगत; त्या बदल्यात काय देणार, ते कुणी सांगत नसे. ‘एक गेला तर दुसरा येईल’ हे ठरलेलं उत्तर. दुसरा यायचा, पण त्याला शिकवणारा निघून गेलेला असायचा.

पुढे सातव्या वेतन आयोगानंतर ‘एक्स’ या तांत्रिक गटातल्या पदविकाधारकांना दरमहा 6,200 रुपये जादा मिळू लागले. उशिरा का होईना, कसबाची कदर झाली. तोवर अग्निपथ आला.

1963 मध्ये आलेलं मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला निवृत्त झालं. इतकी वर्षं ते उडालं, त्यात अशा सार्जंटांचा वाटा वैमानिकांइतकाच आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे: तांत्रिक ट्रेडना 25 टक्क्यांची मर्यादा नको. कुणाला ठेवायचं, हे त्याच्या सेक्शनमधल्या सार्जंटला विचारून ठरवा. आणि जो राहील, त्याला वेळेवर बढती द्या.