औषधाचे दुकान : सेवा की व्यापार?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडील दोन तालुके. दोहोंची मुख्य गावे जिल्ह्याच्या अगदी कडेवर वसलेली आहेत. शिरूरकडून घोडनदी ओलांडली की गव्हाणवाडी लागते, दौंडकडून भीमा ओलांडली की निमगाव खलू. आणि ही दोन्ही गावे श्रीगोंदा तालुक्यातली. म्हणजे पुलाच्या एका टोकाला पुणे जिल्हा आणि दुसऱ्या टोकाला तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर. महसुली नकाशावरची ही रेघ एरवी कोणाच्या खिजगणतीतही नसते. पलीकडचा शेतकरी बाजाराला, दवाखान्याला आणि औषधाला अलीकडेच येतो. त्याचे दुखणे कोणत्या जिल्ह्यात मोडते, हे त्याला कोणी कधी विचारलेले नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये ते विचारले गेले. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या, लगोलग एस.टी.ही थांबली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि जिल्ह्यांच्या सीमांवर नाके उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक अधिसूचना काढून परवानाधारक किरकोळ औषध विक्रेत्यांना घरपोच औषध देण्याची मुभा दिली. हेतू उत्तम होता. वृद्ध, मधुमेही, हृदयरोगी यांनी घराबाहेर पडू नये, चिठ्ठी पाठवावी आणि औषध दारात यावे, ही कल्पना त्या दिवसांत फार मोलाची होती. पण तिला एक अट होती : दुकान ज्या महसुली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील रुग्णाला औषध पोचवावे. दिल्लीतून पाहिले तर ही अट वाजवीच म्हणावी लागेल. शिरूरच्या पुलावरून पाहिले, तर मात्र ज्या रुग्णाला दुकान एका कोसावर आहे त्याला ते कायद्याने परके ठरते, आणि दूर जुन्नरच्या टोकाला राहणारा रुग्ण मात्र आपला ठरतो.

हे उदाहरण मुद्दाम आधी सांगितले. साथीच्या काळात औषधाच्या दुकानाविषयी शासनाने जे काही केले, त्याचा सगळा स्वभाव या एका अटीत उतरला आहे. दुकान हवे होते. पण त्या दुकानाभोवतीचे गाव, त्याचे गिऱ्हाईक, त्याचा मालक आणि काउंटरमागे उभा राहणारा माणूस यांचा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

ते दिवस वाचकांनी आठवून पाहावेत. शाळा बंद, कचेऱ्या बंद, देवळे बंद. रांजणगावच्या महागणपतीचे दारही बंद आणि शेजारच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानेही बंद. अनेक खाजगी डॉक्टरांनी, भीतीपोटी म्हणा की संरक्षक साधने नव्हती म्हणून म्हणा, दवाखान्यांना कुलूप लावले. सरकारी रुग्णालये नव्या रोगाच्या तयारीत गुंतलेली. अशा वेळी गावात आरोग्याच्या नावाने जे एकच दार उघडे राहिले, ते औषधाच्या दुकानाचे. ताप आला तर काय करावे, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आणि त्याच नावाच्या मिळत नाहीत तर दुसरी कोणती चालेल, चाचणी कोठे होते, असे सारे प्रश्न त्या काउंटरवर येऊन पडले. समोरचा माणूस खोकत होता आणि आतला माणूस पातळ कापडाच्या मुखपट्टीमागून उत्तरे देत होता.

शासनाने या माणसाकडून काय काय मागितले? दुकान उघडे ठेव, हे पहिले. २१ मार्चला भाव बांधून दिले : तीन पदरी मुखपट्टी दहा रुपये, दोन पदरी आठ रुपये, जंतुनाशकाची दोनशे मिलिलिटरची बाटली शंभर रुपये. नफेखोरीला आळा घालणे आवश्यकच होते आणि नफेखोरी झाली नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या लहान दुकानदाराने आदल्या आठवड्यात चढ्या भावाने माल भरला होता, त्याने तो तोट्यात विकावा की दडवावा, याचे उत्तर आदेशात नव्हते. पुढे आंध्र आणि तेलंगणा यांसारख्या राज्यांनी तर ताप-खोकल्याची औषधे घेणाऱ्यांची नावे लिहून कळवण्याचे कामही औषध विक्रेत्यांवर सोपवले. म्हणजे पहारेकरी तोच, नोंदणी कारकूनही तोच आणि गर्दी झाली तर आरोपीही तोच.

आणि दिले काय? त्याच २६ मार्चला केंद्राने आरोग्य सेवकांसाठी पन्नास लाखांच्या विम्याची योजना जाहीर केली. गावातल्या खाजगी दुकानात उभा राहणारा औषधनिर्माता त्या योजनेत बसत नव्हता. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. आधी आरोग्य सेवक, मग आघाडीवरचे इतर कर्मचारी. त्या यादीत आपले नाव यावे यासाठी औषध विक्रेत्यांच्या संघटनांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या. दुसरी लाट ओसरू लागली तरी त्यांची तक्रार संपलेली नव्हती.

याहून बोलके उदाहरण कायद्याचे आहे. १८९७ चा साथरोग अधिनियम हा प्लेगच्या साथीत, मुंबई-पुण्याच्या हलकल्लोळात जन्मलेला. त्याच प्लेगच्या दिवसांत पंडिता रमाबाईंनी आपल्याकडील मुलींना पुण्याहून दौंड तालुक्यातील केडगावी हलवले होते. म्हणजे या परगण्याला तो कायदा आणि ती साथ दोन्ही परकी नाहीत. महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी तोच अधिनियम लागू केला आणि एप्रिलमध्ये केंद्राने वटहुकूम काढून त्यात आरोग्य सेवकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षेची तरतूद केली; सप्टेंबरात तिचा कायदा झाला. आरोग्य सेवक म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात आहे. डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी आणि गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते यांचा तीत उल्लेख आहे. औषध दुकानातील औषधनिर्मात्याचा नावाने नाही. तथापि त्याच व्याख्येत आणखी एक वाक्य आहे : राज्य शासन अधिसूचनेने ज्यांना घोषित करील त्या व्यक्ती. सारांश, दार उघडायला नवा कायदा नको, विधिमंडळाची बैठक नको. मंत्रालयातून निघणारा एक कागद पुरेसा आहे.

दुकान चालते कसे?

सुशिक्षित माणसाचाही असा समज असतो की औषधाच्या धंद्यात निम्मा नफा असतो. काही औषधांत, विशेषतः रुग्णालयांना लागून असलेल्या मोठ्या दुकानांत, तसे घडतही असेल. पण २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतील औषधावर किरकोळ विक्रेत्याला मिळणारा वाटा शंभर रुपयांच्या खरेदीवर सोळा रुपये इतकाच धरलेला आहे. त्यातून जागेचे भाडे, नोंदणीकृत औषधनिर्मात्याचा पगार, मुदत उलटून पडून राहिलेल्या मालाचा तोटा आणि विजेचे बिल भागवायचे. विजेचा उल्लेख सहज केलेला नाही. इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. ज्या गावात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नाही, तेथे एका शीतकपाटामागे केवढी यातायात असते, हे मलठण किंवा कवठ्याच्या दुकानदाराला विचारावे.

माल येतो पुण्याहून. त्यातला बराचसा सदाशिव पेठेतल्या घाऊक बाजारातून. पुणे शहर शिरूरपासून सुमारे सत्तर किलोमीटर, दौंड त्याहून थोडे अधिक. एप्रिल २०२० मध्ये शहराच्या पेठाच बंदिस्त झाल्या, तेव्हा या दोन तालुक्यांचा औषधपुरवठा एका अरुंद गळ्यातून होऊ लागला. घाऊक व्यापारी एरवी काही आठवड्यांची उधारी देतो. त्याचेच पैसे अडकले की तो रोखीवर येतो. इकडे गावातले गिऱ्हाईक वहीवर नाव लिहून जाते, कारण त्याचा भाजीपाला शेतातच सडतो आहे किंवा त्याची कारखान्यातली मजुरी थांबली आहे. वर रोख आणि खाली उधार, या कात्रीत लहान दुकान किती दिवस तग धरणार? बँकेकडे जावे तर किरकोळ व्यापाराला सूक्ष्म आणि लघू उद्योगांच्या पंगतीत, तेही अग्रक्रमाच्या कर्जापुरते, स्थान मिळाले ते २ जुलै २०२१ रोजी. तोवर दुसरी लाटही ओसरली होती.

यातला दैवदुर्विलास असा की याच दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. सिप्लासारख्या कंपनीचा मोठा कारखाना तेथे आहे. येथे तयार झालेले औषध देशोदेशी जाते. पण कुरकुंभच्या वेशीवरच्या दुकानात तेच औषध यायचे तर ते आधी कंपनीच्या कोठारात, मग घाऊक व्यापाऱ्याकडे आणि मग त्याच रस्त्याने उलटे येणार. शांततेच्या काळात या प्रवासाला हरकत घेण्याचे कारण नाही. संकटकाळासाठी मात्र तालुक्याच्या ठिकाणी नेहमीच्या आजारांच्या औषधांचा महिनाभराचा साठा असावा आणि तो पोचवणारे वाहन जिल्हाधिकाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावे, यात अशक्य असे काय आहे? दुधाचे टँकर त्या दिवसांतही धावत होते. औषधाची खोकी त्यांच्याहून जड नव्हती.

दोन्ही हातांनी मागता येणार नाही

येथवर औषध विक्रेत्याची कैफियत झाली. आता त्याच्याकडे बोट दाखवणे प्राप्त आहे.

भिंतीवरचे नोंदणीपत्र एकाचे आणि गल्ल्यावर बसणारा दुसरा, ही आपल्या गावोगावची उघड गोष्ट आहे. १९४८ चा औषधव्यवसाय अधिनियम सांगतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी हा नियम आणि चिठ्ठीचा नियम मनावर घेतला. तेव्हा औषध विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला होता. आज तोच वर्ग म्हणतो की आम्हाला आरोग्य सेवक म्हणा. म्हणावे, जरूर म्हणावे. पण जो काउंटरमागे हजरच नाही, त्या पदवीधराला आरोग्य सेवक कसे म्हणायचे? हजेरीच्या वेळी आम्ही व्यापारी आणि विम्याच्या वेळी आम्ही सेवक, असा दुहेरी हिशेब चालणार नाही.

या ढिलाईची किंमत साथीतच मोजावी लागली. १६ जून २०२० रोजी इंग्लंडमधील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : डेक्सामिथेसोन हे स्वस्त स्टेरॉइड प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचवते, ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना त्याचा लाभ नाही, कदाचित अपायच. पण आपल्याकडे या विधानाचा पूर्वार्धच तेवढा ऐकला गेला. २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. काही डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि काही कोणाच्याच चिठ्ठीने नव्हे. त्यात मधुमेह नियंत्रणात नसलेले रुग्ण. मग काळ्या बुरशीचा आजार आला आणि महाराष्ट्रात कित्येकांना डोळा, जबडा किंवा जीव गमवावा लागला. हा दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे; पण चिठ्ठी मागणारा एक माणूस काउंटरवर उभा असता तर त्या साखळीतली एक कडी निश्चित तुटली असती.

रेमडेसिविरचा प्रकार निराळा. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरू नये असा सल्ला दिलेला असताना एप्रिल २०२१ मध्ये त्यासाठी पुण्यातल्या दुकानांपुढे रांगा लागल्या. शेवटी प्रशासनाने किरकोळ विक्री थांबवून ते थेट रुग्णालयांना देण्याची व्यवस्था केली. ती योग्यच होती. फक्त तोवर नातेवाइकांनी दुकानदारावर काढायचा तो राग काढून झाला होता.

म्हणून आधार द्यायचा तो सशर्त द्यावा. औषधनिर्माता प्रत्यक्ष हजर असलेल्या, बिल देणाऱ्या आणि नोंदवही ठेवणाऱ्या दुकानांची तालुकावार यादी करावी आणि त्या यादीतील औषधनिर्मात्यांना साथरोग अधिनियमाखाली आरोग्य सेवक म्हणून घोषित करावे. विमा, लस आणि संरक्षक साधने यांत त्यांचा क्रम परिचारिकांच्या बरोबरीने लागावा. टाळेबंदीच्या काळात घाऊक खरेदीसाठी अल्पमुदतीचे खेळते भांडवल त्यांना मिळावे. पीककर्जाची सवय असलेल्या जिल्हा बँकेला ही कल्पना फार अवघड वाटू नये. इंग्लंडने २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्या औषध दुकानांना सरकारी तिजोरीतून आगाऊ रक्कम दिली आणि जानेवारी २०२१ पासून काही दुकानांत लसही टोचली. फ्रान्सने डॉक्टर-परिचारिकांसाठीच्या मुखपट्ट्यांचा राष्ट्रीय साठा औषध दुकानांमार्फतच वाटला. ते देश श्रीमंत आहेत हे खरे. पण यादी करायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडेही अशी सांगड घालणे नवे नाही. २०१८ पासून क्षयाची औषधे विकणाऱ्या दुकानदारावर रुग्णाची माहिती कळवण्याचे बंधन आहेच. आणि शिरूर तालुक्यातीलच वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ पासून पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातर्फे जे काम उभे केले, त्याचा पायाच गावातल्या माणसाला शिकवून आरोग्याच्या कामाला लावणे हा होता. अल्पशिक्षित गावकऱ्यांकडून जे होऊ शकले, ते दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून परिषदेकडे नाव नोंदवलेल्या तरुणाकडून होणार नाही असे मानण्याचे कारण नाही. त्याला वर्षातून दोनदा ग्रामीण रुग्णालयात बोलवावे, प्रतिजैविके आणि स्टेरॉइड यांविषयी नवे काय ते सांगावे आणि संशयित रुग्ण कोठे पाठवायचा त्याचा पत्ता द्यावा.

राहता राहिली २६ मार्चची ती अधिसूचना. ती साथीपुरती होती, आता मागे घ्या, अशी औषध विक्रेत्यांच्या संघटनेची मागणी आहे. कारण तिच्या आडून दूरच्या शहरांतून औषधे पाठवणाऱ्या बड्या कंपन्यांचा धंदा फोफावला, असे तिचे म्हणणे. एका दृष्टीने ते रास्त आहे. पण नुसती मागे घेतली तर पुढच्या साथीत पुन्हा घाईघाईने तसाच कागद निघेल. त्याऐवजी घरपोच औषधाची सोय लहान परवानाधारक दुकानाला कायमची द्यावी आणि तिची मर्यादा जिल्ह्याच्या सीमेने न ठरवता दुकानापासूनच्या अंतराने ठरवावी. वीस किलोमीटर म्हणा, पंचवीस म्हणा. मग गव्हाणवाडीच्या म्हातारीला शिरूरहून आणि निमगाव खलूच्या मधुमेह्याला दौंडहून औषध पाठवताना दुकानदाराला कायद्याचे पुस्तक उघडावे लागणार नाही.