‘या वयात तो काय मत बदलणार?’

कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात संध्याकाळी आम्ही काहीजण बसतो. गप्पा मासळीच्या भावापासून कुठेही जातात, पण गावं महापालिकेत असावीत की नसावीत हा विषय निघाला, की आवाज चढतात. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली. २०११ साली सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं, मग प्रकरण कोर्टात गेलं. इतकी वर्षं झाली तरी वाद घराघरांत तसाच आहे. शेवटी कोणीतरी उठता उठता म्हणतं, “सोड रे, या वयात तो काय मत बदलणार?” हे वाक्य मला मनापासून खटकतं.

गैरसमज: वय झालं की मेंदू बदलत नाही.
जर्मनीतल्या संशोधकांनी साठीच्या आसपासच्या माणसांना तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवले. तीन महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्या मेंदूच्या काही भागांतलं करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. हा अभ्यास २००८ सालचा. त्याआधी २००४ साली तरुणांवर असाच प्रयोग झाला होता, आणि सराव सुटल्यावर ती वाढ ओसरलीही होती. चेंडू खेळवणं म्हणजे मत बदलणं नव्हे, हे मान्य. पण उतारवयात मेंदू शिकतच नाही, हा समज मात्र यातून खोटा ठरतो.

गैरसमज: मेंदू लवचीक आहे, म्हणजे माणूस आपोआप मोकळ्या मनाचा होतो.
इथे सर्वांत जास्त सावध राहायला हवं. मेंदूची लवचीकता कोणाची बाजू घेत नाही. जे वारंवार करावं, तेच पक्कं होतं. रोज एकाच बाजूच्या बातम्या आणि एकाच गटातले मेसेज वाचले, तर हट्टाचाही सराव होतो.

गैरसमज: विरोधी मत न पटणारा माणूस अडाणी असतो.
२०१६ साली अमेरिकेत ४० जणांना त्यांच्या राजकीय मतांविरुद्धचे मुद्दे वाचायला दिले आणि त्या वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्यांची मतं कमी हलली, त्यांच्या मेंदूत भीती आणि भावनांशी जोडलेले अमिग्डाला व इन्सुला हे भाग जास्त सक्रिय होते. एवढ्याशा अभ्यासावरून कोणावर शिक्का मारू नये. पण घट्ट धरलेल्या मतावर कोणी बोट ठेवलं, तर ते आपल्यावरच आल्यासारखं वाटतं, हा अनुभव कोणाला नाही?

गैरसमज: खरी माहिती दिली की माणूस उलट जास्तच हट्टी होतो.
२०१० सालच्या एका अभ्यासानंतर हे फार पसरलं. २०१९ साली दहा हजारांहून जास्त लोकांवर आणि ५२ विषयांवर तपासणी झाली, तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. माहिती द्यावी. ती वाया जात नाही.

मग मोकळ्या मनाचा सराव करायचा कसा? २००२ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना विचारलं, झिप किंवा कुलूप कसं चालतं हे तुम्हाला कितपत कळतं? बरंच कळतं, असं लोक म्हणाले. मग ते पायरीपायरीने लिहायला सांगितलं, आणि आपल्याला वाटत होतं तेवढं कळत नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं.

मी हे किनाऱ्यावर करून पाहिलं. महापालिकेला कडाडून विरोध करणाऱ्या मित्राला म्हटलं, “तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. फक्त सांग, गाव महापालिकेत गेलं की तुझ्या विहिरीच्या पाण्याचं एकेक पायरीने काय होतं?” त्याने काटकीने वाळूत विहीर काढली, शेजारी बावखल, म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, काढलं, मग पाइपलाइनची रेघ ओढली आणि तिथे थांबला. “पुढचं बघायला लागेल,” म्हणाला. लगेच महापालिकेच्या बाजूच्या दुसऱ्या मित्राकडे वळून त्याने विचारलं, “आता तू सांग, घरपट्टी वाढते ती नेमकी कशी?” तोही अडला.

दोघांची मतं अजून तीच आहेत. पण दुसऱ्या दिवशी दुसरा मित्र आपल्या घरपट्टीची पावती खिशात घालून आला, आणि दोघं अंधार पडेपर्यंत मोबाइलच्या उजेडात ती वाचत बसले.