उंदराचे घरटे आणि मेंदूची इजा
मेंदूस झालेली इजा प्राण्याच्या वर्तनावरून कशी ओळखावी, हा प्रयोगशास्त्रातील एक अवघड प्रश्न होय. उंदरास उपाशी ठेवून अथवा विजेचा धक्का देऊन काही शिकवावयाचे, ही जुनी रीत. ऑक्सफर्ड विद्यापीठात रॉबर्ट डीकन व त्यांचे सहकारी यांनी मात्र उंदराच्या उपजत उद्योगांचाच मापदंड केला. २०० ग्रॅम खाद्यगोळ्यांनी भरलेली नळी पिंजऱ्यात ठेवली असता, भूक नसतानाही, निरोगी उंदीर रात्रीतून बहुतेक गोळ्या उकरून बाहेर टाकतो. उरलेल्या गोळ्यांच्या वजनावरून त्याच्या उद्योगाचे माप मिळते. तसेच दाबलेल्या कापसाच्या सुमारे ३ ग्रॅमच्या तुकड्यापासून त्याने बांधलेल्या घरट्यास सकाळी १ ते ५ गुण देतात. मेंदूतील हिप्पोकॅम्पस नामक भागास इजा झालेले उंदीर हे दोन्ही उद्योग पुष्कळच कमी करतात, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. प्रायॉनजन्य रोगात तर बाह्य लक्षणे प्रकट होण्यापूर्वी कित्येक आठवडे उकरणे मंदावते. त्यामुळे नव्या औषधाची परीक्षा रोग बळावण्यापूर्वीच करता येते. तथापि वेदना अथवा अन्य आजार यांमुळेही हा उद्योग घटतो. म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष न काढता मेंदूच्या सूक्ष्मदर्शक तपासणीची जोड त्यास देणे अवश्य आहे.