सावंतवाडीचे लाखकाम : मूळ झिलईची पुनःस्थापना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी येथे लाकडी वस्तू व गंजीफाची पाने यांवर रंगकाम करून वर लाखेचा लेप देण्याची कला परंपरेने चालत आली आहे. पाट, चौरंग, देव्हारे, करंडे, खेळणी व लाकडी फळे हे तिचे परिचित प्रकार होत. सावंतवाडी संस्थानच्या भोसले घराण्याचा तिला आश्रय होता आणि चितारी कारागिरांची वस्ती ज्या आळीत होती ती आजही चितार आळी म्हणूनच ओळखली जाते. घरोघरी टिकून राहिलेल्या जुन्या वस्तूंची झिलई पूर्ववत करणे हा या कलेचा एक स्वतंत्र व नाजूक भाग आहे. दुरुस्तीच्या नावाखाली वस्तू नव्याने रंगविण्याची चाल सर्वत्र असल्याने काळ, ऊन व पाऊस यांनी जेवढी हानी केली नसेल तेवढी या नव्या रंगाने केलेली आढळते.

लाखकामाच्या दोन पद्धती असून त्यांतील भेद प्रथम ओळखावा लागतो. पहिलीत कातलेली वस्तू चरकावर फिरत असताना तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या पात्याने घासून तिला चकाकी आणतात. येथे रंग व झिलई हा एकच थर असतो. दुसरीत लाकडावर किंवा कागदावर खडीचे अस्तर देऊन कुंचल्याने चित्र काढतात व त्यावर पारदर्शक लेप चढवितात. येथे झिलई काढली की चित्र उघडे पडते.

लाख हे किटकजन्य राळ असून पळस, बोर, कुसुम इ. वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर ते तयार होते. मद्यार्कात व अल्कलीत लाख विरघळते. पाण्यात ती विरघळत नाही, परंतु दीर्घकाळ ओल लागल्यास पृष्ठभाग दुधाळ होतो. वर्षानुवर्षांत तिच्यातील रेणू परस्परांशी जोडले जाऊन ती कठीण, ठिसूळ व पिवळसर तपकिरी होते आणि मद्यार्कातही पूर्वीइतकी सहज विरघळत नाही. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असलेल्या या भागात पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते, पण ठिसूळ झालेल्या लेपाला त्याबरोबर हलता येत नाही. त्यामुळे भेगा पडतात व पापुद्रे सुटतात. त्यात घरगुती उपायांची भर पडते. सोडा वा साबणाने वस्तू घासल्यास अल्कलीमुळे लाखच निघते, तर चकाकीसाठी खोबरेल तेल चोळल्यास त्यावर धूळ बसून काळा थर जमतो.

काम सुरू करण्यापूर्वी वरचा थर कशाचा आहे हे ठरवितात. जंबुपार किरणांखाली जुनी लाख नारिंगी चमकते, काही इतर राळी हिरवट-पिवळ्या दिसतात, त्यामुळे पुढे चढविलेला लेप वेगळा ओळखता येतो. तळाशी किंवा पायाच्या आतल्या बाजूस तिळाएवढ्या जागी द्रावकाची चाचणी घेतात. तेल व मेण टर्पेंटाइनसारख्या द्रावकाने निघते व लाखेला सहसा धक्का लागत नाही. डब्यातील तैलरंग चढविलेला असेल, तर मात्र खरी अडचण उभी राहते. तो काढणारी तीव्र द्रावके भेगांतून खाली झिरपून मूळ लाख आधी सैल करतात. अशा वेळी भिंगाखाली धारदार पात्याने कणाकणाने रंग उचलणे हाच मार्ग उरतो. एका पाटाला त्यामुळे कित्येक दिवस लागतात. कोरडे घासकाम टाळावे, कारण जुन्या भारतीय लाखकामात हिंगूळ व हरताळ वापरीत आणि त्यांच्या धुळीत अनुक्रमे पारा व आर्सेनिक असते.

कातीव वस्तू पुन्हा चरकावर चढवून नवी लाख देण्याचा मोह कारागिरास होतो, पण तो घातक ठरतो. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने सर्वत्र सारखे आकसत नाही. त्यामुळे एकेकाळी वर्तुळाकार असलेला करंडा आता किंचित लंबगोल झालेला असतो. तो फिरविताच उंच भागावरील जुनी लाख खरवडली जाते व खोलगट भाग तसाच राहतो. म्हणून गेलेल्या जागीच रंगीत लाख मंद उष्णतेने बसवितात. चित्रित वस्तूंवर पातळ लाखद्रवाचे अनेक हात देतात आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू देतात. हे काम पावसाळ्यात करीत नाहीत. मद्यार्क उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते व लेप पांढुरका पडतो.

गंजीफाच्या पानांचा प्रश्न निराळा आहे. दशावतारी संचात दहा रंगांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकूण १२० गोल पाने असतात. चिंचोक्याच्या खळीने जोडलेल्या थरांवर पाण्यात कालविलेल्या रंगांनी चित्रे काढलेली असल्याने लाखेला भेग पडली की ओलसर बोळादेखील चित्र पुसून टाकतो. पानांच्या कडांवर बोटांनी झालेली झीज भरून काढू नये. कोणती पाने अधिक हाताळली गेली हे तिच्यावरून कळते. दमट हवेत एकमेकांना चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत, ती कोरड्या हवेत ठेवून पातळ पात्याने हळूहळू विलग करावीत.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जाणणारे फारच थोडे उरले होते. श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून हे तंत्र शिकून घेतले व राजवाड्यातच कामाला आरंभ केला. जुन्या पानांवरील लेप कसा चढविला असेल हे नुसत्या निरीक्षणाने कळले नसते, ते करणाऱ्या हातांकडूनच घ्यावे लागले. आता तेथे गंजीफाचे नवे संच तयार होतात. झिलई-दुरुस्तीसही त्यांचा उपयोग होतो, कारण लाखेच्या द्रवाचा दाटपणा जुन्या पानावर अजमाविण्याऐवजी नव्या पानावर अजमाविता येतो.

देवघरातील वस्तूंची दुरुस्ती अधिक अवघड असते. देव्हारा वापरात असतो, त्यावर हळद, कुंकू, तेल व धूप यांचा थर पुन्हा जमणारच आणि सणापूर्वी तो नव्यासारखा लखलखावा अशी घरच्यांची अपेक्षा असते. अशा वेळी मूळ लेपाला हात न लावता त्यावर मेणाचा एक पातळ हात देतात. तो दरवर्षी सुती फडक्याने व टर्पेंटाइनने काढून पुन्हा देता येतो.